गंगावेशीतून पुलापलीकडं: फाट्यावरची बस गावात आणताना

के.एम.टी.ची, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची, गाडी फाट्यावर येते, वळते आणि शहराकडं परत जाते. गाव तिथून १.८ किलोमीटर आत. पंचगंगेच्या पलीकडं, शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की अशा बऱ्याच वस्त्या आहेत. तिथं शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा पायी, वडापनं (माणसं भरून धावणाऱ्या खासगी गाडीनं) किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून काढावा लागतो. तो तुकडा बसच्या मार्गात घालून घेण्यासाठी आम्ही प्रवाशांनी जी कामं केली, त्यांची ही नोंद. खालचे वेळेचे आणि पैशाचे आकडे हिशेब समजावा म्हणून गोल केलेले आहेत. आपल्या मार्गाचे आकडे घालून तोच हिशेब कुणालाही मांडता येईल.

‘गावात बस सोडा’ असा अर्ज दिला की उत्तर ठरलेलं असतं: गाड्या उपलब्ध झाल्यावर विचार करू. ते उत्तर खोटं नसतं. कुठली गाडी, कुठली फेरी, किती मिनिटं, यातलं काहीच अर्जात नसेल तर तो वाचणाऱ्याला मोजायला काही मिळत नाही. आमचा पहिला अर्ज असाच होता. त्यावर सह्यांची पानंच्या पानं होती आणि एकही वेळ लिहिलेली नव्हती.

दुसऱ्यांदा सुरुवात वेळापत्रकापासून केली. थांब्यावर असतं ते प्रवाशांचं वेळापत्रक. आपल्याला लागतं ते गाडीचं, म्हणजे शेड्यूल. एक गाडी डेपोतून किती वाजता निघते, कुठल्या फेऱ्या करते, चालक-वाहक कुठं बदलतात, रिकामी किती धावते, हे सगळं त्यात असतं. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शब्दांची ही मर्यादा महाराष्ट्राच्या नियमांतली आहे आणि ती पाळलीच पाहिजे. जे हवं ते कागद म्हणून मागावं: अमुक मार्गाच्या शेड्यूलची प्रत, मागच्या तीन महिन्यांतल्या नियोजित आणि प्रत्यक्ष फेऱ्यांचा तक्ता, टप्पानिहाय तिकीटविक्री. ‘फेऱ्या का रद्द होतात?’ असं विचारलं तर हाती काही लागत नाही, कारण ‘का’चं उत्तर कुठल्या कागदावर लिहून ठेवलेलं नसतं आणि माहिती अधिकारात मिळतात ते कागद. प्रतीला पानामागं दोन रुपये. मुदत ३० दिवस. तेवढ्यात काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

शेड्यूल हातात आल्यावर मग खरं काम सुरू होतं. धरा, मार्ग ८ किलोमीटरचा आहे. एका बाजूला ३० मिनिटं, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा. एक पूर्ण फेरी ७० मिनिटांची झाली. सकाळच्या पाळीत अशा सहा फेऱ्या म्हणजे ४२० मिनिटं. चालक-वाहकाची ड्यूटी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. उरलेल्या ६० मिनिटांत गाडी ताब्यात घेऊन पहिल्या थांब्यावर यायचं, मध्ये अर्धा तास विश्रांती घ्यायची आणि शेवटी तिकीट मशीन जमा करून पैशाचा हिशेब द्यायचा. ही विश्रांती कुणाच्या मेहेरबानीवर नाही. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास ठरलेले होते आणि पाच तासांच्या वर सलग काम घ्यायचं झालं तर मध्ये किमान अर्धा तास सोडावाच लागत होता. तो अर्धा तास खाऊन फेरी वाढवा असं म्हणणारी मागणी आम्ही करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं होतं.

आता गाडी फाट्यावर न थांबता गावात आणली तर एका बाजूला पाच मिनिटं वाढतात. फेरी ८० मिनिटांची होते. सहा फेऱ्यांचे ४८० मिनिटं झाले आणि ड्यूटी तिथंच संपली. जेवायला, हिशेबाला काहीच उरलं नाही. पण फेऱ्या पाच केल्या तर ४०० मिनिटं, वरची ६० धरून ४६०. वीस मिनिटं हातात राहतात, ती शहरातल्या गंगावेशीच्या कोंडीत लागतातच. आणि किलोमीटर? आधी सहा फेऱ्यांचे ९६ होत होते. आता पाच फेऱ्यांचे, प्रत्येकी १९.६ धरून, ९८ होतात. म्हणजे एका पाळीला फक्त दोन किलोमीटर जास्त.

हा हिशेब कागदावर उतरेपर्यंत आम्ही जादा गाडी मागत होतो. तो उतरल्यावर मागणीच बदलली: जादा गाडी नको, जादा माणूस नको, सकाळच्या पाळीतली साडेअकराची फेरी कमी करा आणि बाकीच्या पाच गावात आणा. गाडी न मागणारा अर्ज वेगळ्या नजरेनं वाचला जातो, हे तेव्हा कळलं.

पण साडेअकराची फेरी सोडून द्यायला ती आमच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. त्या गाडीत वाटेतले लोकही बसतात. म्हणून आठवडाभर रोज त्या फेरीनं ये-जा करून पाहिलं. शहरातून निघताना तिच्यात बऱ्यापैकी माणसं सी.पी.आर. या सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातून परतणारी होती. हातात केसपेपर आणि औषधाची पिशवी. त्यांना सव्वादहाची गाडी फार लवकर आणि दीडची फार उशिरा. म्हणून पाच फेऱ्यांची वेळ पुन्हा बांधली आणि शेवटची फेरी शहरातून बाराच्या आसपास निघेल अशी सरकवली. एखादी फेरी कमी करायची भाषा करण्याआधी तिच्यात बसून पाहायलाच हवं. तिकिटांच्या आकड्यांत तो केसपेपर दिसत नाही.

आता पैसे. बसवाल्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात: ई.पी.के. आणि सी.पी.के., म्हणजे किलोमीटरमागं उत्पन्न आणि किलोमीटरमागं खर्च. धरा, खर्च किलोमीटरला ८० रुपये आहे. दोन किलोमीटर वाढले म्हणजे पाळीला १६० रुपये. सोडलेल्या फेरीत जाता-येता मिळून २२ तिकिटं फाटत होती आणि सरासरी तिकीट १५ रुपयांचं होतं, तर ते ३३० रुपये गेले असं धरायचं. त्यातले काही प्रवासी दुसऱ्या फेरीला येतील, पण हिशेबात तो फायदा धरू नये. एकूण ४९० रुपये भरून काढायचे. १५ रुपयांनी भागलं तर ३३ नवी तिकिटं, म्हणजे पाच फेऱ्यांवर वाटली तर फेरीमागं सात. आमचा सगळा प्रस्ताव शेवटी या सातावर उभा होता. गावातून जाता-येता मिळून फेरीला सात नवी माणसं मिळतात का, एवढंच दाखवायचं होतं.

ते दाखवायला मोजणी. फाट्यावर दोन माणसं, सकाळी पावणेसहा ते रात्री नऊ, तीन पाळ्यांत. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन साधे दिवस, एक रविवार आणि एक गावच्या बाजाराचा दिवस. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. बसमधून उतरून गावाकडं जाणारे, गावातून येऊन बसमध्ये चढणारे आणि वडापनं जाणारे वेगळे. त्यात पुन्हा विद्यार्थी आणि साठीच्या वरचे वेगळे. थांब्यावर उभ्या असलेल्यांना मोजू नये. त्यातले निम्मे कुणाची तरी गाडी येण्याची वाट बघत असतात. चढेल तेव्हाच रेघ मारायची. पहिल्या दिवशी आमचे दोघे मोजणारे एकाच बाजूला उभे राहिले आणि तीच माणसं दोघांच्या कागदावर आली. तो दिवस फेकून द्यावा लागला. नंतर एक फाट्याच्या गावाकडच्या कोपऱ्यावर आणि एक थांब्यावर असे उभे केले.

दिवस निवडताना कॅलेंडर नीट बघावं लागतं. हा जोतिबाचाही रस्ता. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवसांत केलेली मोजणी कामाची नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी वेगळी, तीही सोडावी. मे महिन्यात शाळा-कॉलेज नसतात, त्यामुळं आकडा खाली येतो. दिवाळी झाली की गळीत हंगाम जोरात येतो. त्याचा परिणाम प्रवाशांवर कमी आणि वेळेवर जास्त, त्याबद्दल पुढं.

सह्यांपेक्षा उपयोगी पडली ती एका ओळीची विचारणा: “कुठं निघालाय आणि परत कितीला येणार?” वडापच्या रांगेतल्या मावशींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे याचं उत्तर देतात. नाव, मोबाइल नंबर काही लिहून घ्यायचं नाही. साठ-सत्तर उत्तरं जमली की गठ्ठे आपोआप दिसायला लागतात. सकाळी सात ते आठमध्ये शाळा-कॉलेज आणि भाजी घेऊन गंगावेशीत जाणाऱ्या बायका, दहाच्या सुमाराला दवाखाना आणि कचेऱ्या, संध्याकाळी सहा ते साडेसातमध्ये परतणारे कामगार. फेऱ्यांच्या वेळा या गठ्ठ्यांवर बसवल्या.

या मोजणीत एक गोष्ट अशी निघाली जी आम्ही धरलीच नव्हती. फाट्यावर महिला के.एम.टी. सोडून एस.टी.ची वाट बघत थांबतात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत. ही सवलत एस.टी.ची आहे, महापालिकेच्या बसला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून गावातल्या सगळ्या महिला प्रवासी बसच्या खात्यात धरणं चूक ठरलं असतं. ज्यांना फाट्यापर्यंत वडापला पैसे मोजावे लागतात, त्यांचं गणित मात्र उलटं होतं: वडाप अधिक अर्धी एस.टी. आणि सरळ दारातून बस, यात बस बरी पडत होती. प्रस्तावात आम्ही महिला प्रवाशांचा आकडा निम्म्यानं कमी करून लिहिला. तरीही फेरीमागं सात निघाले.

रस्त्याचं मोजमाप तीस मीटरच्या टेपनं केलं. दर शंभर मीटरला डांबराची रुंदी, साइडपट्टी आणि दोन्ही बाजूंची अडचण. बस अडीच मीटरच्या थोडी वर रुंद असते, लांबी १२ मीटर. एकेरी डांबर पावणेचार मीटरचं असतं, त्यावर बस आणि समोरून आलेली बैलगाडीसुद्धा जात नाही. दोन मोठ्या गाड्या एकमेकांना सुटायला साडेपाच मीटर लागतात. सगळा रस्ता तेवढा असायची गरज नाही. पण दर दोन-तीनशे मीटरला एखादी बाजूला घ्यायची जागा हवी आणि ती मोरीवर नको. दुसरी अडचण वर बघितल्याशिवाय दिसत नाही. बसची उंची सव्वातीन मीटरच्या आसपास, छतावर बॅटरी असलेल्या ई-बसची आणखी थोडी जास्त. लोंबणारी केबल आणि चिंचेची आडवी फांदी यांचीही नोंद केली.

सगळ्यात जास्त वेळ गाडी वळवायच्या जागेनं खाल्ला. १२ मीटरच्या गाडीला एका दमात वळायला जवळपास २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आम्ही देवळापुढचं पटांगण दाखवलं होतं. पाहणीच्या दिवशी तिथं बाजार भरला होता आणि एका कडेला उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या. मोजमाप बरोबर होतं, वार चुकला होता. त्यानंतर शाळेमागची ग्रामपंचायतीची जागा घेतली, तिच्यावर मुरूम पडला, आणि ‘या जागेत वाहनं, ट्रॉल्या, सरपण ठेवू देणार नाही’ असं ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं. वळायच्या जागेची हमी कुणाची, हे लिहून आल्याशिवाय पुढं जाऊ नये. मागं घेऊन वळवू म्हटलं तर दर फेरीला वाहकानं उतरून शिट्टी वाजवायची, आणि शाळा सुटायच्या वेळेला ते धोक्याचं आहे.

धावायची वेळ घेताना सरासरीवर जाऊ नये. दहा वेळा वेळ मोजली तर दहापैकी आठ वेळा जेवढ्यात पोचता येतं तो आकडा धरावा. गंगावेशीत सकाळी भाजीच्या गाड्या, संध्याकाळी सुटलेल्या शाळा. गळीत हंगामात पन्हाळ्याच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं लागलं की पुढं काढायला वाव नाही. जूनमध्ये मोजून २६ मिनिटं लिहिली असती तर डिसेंबरमध्ये शेवटची फेरी रोज उशिरा आली असती, आणि उशीर साचत गेला की पाळीतली शेवटची फेरीच कापली जाते.

पावसाळ्याचा मार्गही सोबत लिहावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर पाणी आलं की पूल असूनही पलीकडं जाता येत नाही. तेव्हा गाडी गंगावेशीतून परत फिरेल, ती वेळ आणि ते किलोमीटर कसे धरायचे, एवढ्या दोन ओळी प्रस्तावात असल्या की चालकावर ऐनवेळी निर्णयाचा भार पडत नाही.

इथपर्यंत मोजमाप. यापुढं राजकारण, आणि कोल्हापुरात ते हद्दीवरूनच येतं. महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा, म्हणजे भोवतालची गावं शहरात घेण्याचा, वाद तेव्हापासून पिढ्यानपिढ्या चालत आलाय. मधल्या काळात, २०१७ साली, भोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. शहरातून म्हणणं असं: गावं घरफाळा महापालिकेला भरत नाहीत, मग त्यांना बस कशाला? हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची बस बंद करा, अशी मागणी शहरात जाहीरपणे झालेली आहे. गावातून म्हणणं असं: आज बस घेतली की उद्या सातबारा जाईल, घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षणं पडतील. दोन्ही बाजूंच्या बोलण्यामागं खरी भीती आहे आणि तिला उडवून लावून चालत नाही.

शहरातल्या लोकांशी बोलताना आम्ही फक्त तो दोन किलोमीटरचा हिशेब ठेवला. तूट वाढते का? नाही, फेरीमागं सात तिकिटांवर ती भरून निघते. गाडी शहरातल्या कुठल्या मार्गावरून काढली जाते का? नाही. आणि ही सात-सात माणसं बसनं आली नाहीत तर ती मोटारसायकलवरून महाद्वार रोडला आणि गंगावेशीतच येणार आहेत, तिथं गाडी लावायला आज जागा आहे का ते शहरातल्या माणसानंच सांगावं.

गावाकडं प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात सुटला. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. आमची पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण मोजक्या माणसांच्या ठरावाला गावात वजन राहत नाही. म्हणून विषय मुद्दाम पुढच्या मोठ्या ग्रामसभेवर ठेवला. ठरावात एक वाक्य स्पष्ट घातलं: ‘सदर मागणी प्रवासी वाहतुकीपुरती मर्यादित असून हद्दवाढीबाबत ग्रामसभेची संमती म्हणून तिचा अर्थ घेण्यात येऊ नये.’ हे वाक्य आल्यावर विरोधातल्या लोकांनीही सह्या केल्या. अशा मागणीसाठी यापेक्षा कामाचं दुसरं वाक्य आम्हाला सापडलेलं नाही.

हद्दीबाहेरच्या फेऱ्यांची तूट कुणी सोसायची, याला पुण्यात निदान एक चौकट आहे: पी.एम.पी.एम.एल. ही २००७ पासून कंपनी आहे आणि पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका तिची तूट ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. मुंबईत बेस्टच्या गाड्या ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत जातात आणि तिथं सगळा वाद तिकिटाभोवती फिरतो. ९ जुलै २०१९ ला किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं, ९ मे २०२५ ला तेच दहा झालं. मधल्या सहा वर्षांत खर्च वाढत राहिला आणि पाच रुपयांच्या तिकिटातून राहणारा खड्डा महापालिकेच्या अनुदानावर अवलंबून राहिला. स्वस्त तिकीट आम्हालाही हवंच आहे, पण ते जाहीर करताना तूट कुठल्या खात्यातून येणार हे त्याच कागदावर लिहिलं पाहिजे. कोल्हापूरच्या भोवतालच्या गावांसाठी खर्च वाटून घेण्याची चौकट हाताशी नव्हती, म्हणून ग्रामपंचायतीनं जे देता येतं ते दिलं: वळायची जागा, थांब्यावर शेड आणि दिवा, फांद्या आणि केबलची सफाई. शेड आमदार निधीतूनही होते. शेडवर फलक लागतो म्हणून ती लवकर होते, हेही खरं. पण बस नसलेल्या ठिकाणी आधी शेड बांधून घेऊ नये. तिथं लोक मोटारसायकली लावतात आणि मग ती जागा हलत नाही.

अर्ज परिवहन व्यवस्थापकांच्या नावे. महापालिकेत निवडून आलेलं सभागृह असतं तेव्हा विषय परिवहन समितीपुढं जातो. या समितीवर नगरसेवक नसलेली जाणकार माणसंही नेमता येतात, हे फार लोकांना माहीत नसतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा समितीचे अधिकारही त्यांच्याकडं गेले. अशा काळात एकाच ठिकाणी सही होते, पण बाजू मांडायला बैठक नसते, म्हणून सगळं कागदावरच पूर्ण असावं लागतं. अर्जाला जोडायचं ते एवढंच: एक पानाचा हिशेब, जुनं आणि नवं शेड्यूल शेजारी शेजारी, मोजणीचा तक्ता, रस्त्याची मोजमापं, ठराव, जागेची हमी. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. परिवहनाचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो आणि तो मार्चच्या आधी तयार होतो. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत दिलेला अर्ज आणि एप्रिलमध्ये दिलेला अर्ज यांत एका वर्षाचा फरक पडू शकतो. लोकशाही दिनाला हा विषय नेण्यात आमचा एक महिना गेला. तिथं वैयक्तिक स्वरूपाची तक्रार लागते, गावाची सामूहिक मागणी बसत नाही.

मार्ग वाढवायला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरीही लागते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८० नुसार शेवटच्या टोकापासून २४ किलोमीटरच्या आतली वाढ ही नवा परवाना न समजता, लोकांच्या सोयीची आहे याची खात्री झाल्यावर करता येते. आमचे १.८ किलोमीटर. भाड्याचा नवा टप्पाही तिथंच ठरतो.

चाचणीच्या दिवशी रिकामी १२ मीटरची गाडी आली. शाळेजवळच्या वळणावर मागचं चाक साइडपट्टीवरून खाली उतरायला लागलं. कागदावर रुंदी पुरेशी होती, पण गाडी वळताना मागची चाकं आतून जातात हे टेपला दिसलं नव्हतं. आतल्या कोपऱ्यावरचा दगडी कठडा दीड मीटर मागं घेतला आणि मगच शेरा मिळाला. नऊ मीटरची मिडी गाडी असती तर हे करावं लागलं नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवेत कोल्हापूरला १०० गाड्या मंजूर आहेत, आणि त्या योजनेत १२, ९ आणि ७ मीटर अशा तिन्ही लांबीच्या गाड्यांची सोय आहे. तिथं ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरमागं पैसे द्यायचे असतात आणि तिकिटाचं उत्पन्न महापालिकेचं. म्हणजे रिकामी धावणारी गाडी आता आणखी स्पष्टपणे अंगावर येणार. पुढचे प्रस्ताव मांडणाऱ्यांनी गावांच्या मार्गांसाठी मिडीच मागावी, असं आमचं ठाम मत आहे.

फेऱ्या तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर सुरू होतात, आणि या तीन महिन्यांतच बहुतेक मार्ग बुडतात. पहिलं कारण वडाप: बसच्या पाच मिनिटं आधी वडाप निघते आणि थांबा रिकामा करते. त्यांच्याशी भांडण काढलं नाही, त्यांचीही पोटं त्यावर आहेत. बसच्या वेळा तेवढ्या दूध संस्थेच्या दारात, शाळेत आणि पिठाच्या गिरणीवर मोठ्या अक्षरांत रंगवल्या. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं येतं. दुसरं कारण तिकीट. माणसं सवयीनं वाहकाला “फाटा द्या” म्हणतात, फाट्याचं तिकीट घेतात आणि गावापर्यंत बसून येतात. पाच रुपये वाचतात, पण मशीनमध्ये गावाचा टप्पा शून्य राहतो आणि तीन महिन्यांनी आकडा येतो की गावात कुणी उतरतच नाही. तिसरं, पासधारक. विद्यार्थ्यानं पास नुसता दाखवला आणि मशीनमध्ये नोंद झाली नाही तर तोही हिशेबात नाही. म्हणून “दादा, गावाचं तिकीट द्या” आणि “पासची नोंद करा” ही दोन वाक्यं शाळेत आणि महिला बचत गटांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगितली.

रोजच्या पाच फेऱ्यांची वही ठेवली: आली, नाही आली, किती मिनिटं उशिरा, किती उतरले. वही शाळेसमोरच्या दुकानात असते, दोघं मिळून भरतात. गाडी बिघडली आणि फेरी रद्द झाली तर तीही नोंद, रागाशिवाय. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी टप्पानिहाय विक्री पुन्हा मागवायची, म्हणजे तिसरा महिना दुरुस्तीला मिळतो. तीन महिने संपताना ‘सदर फेऱ्या कायम करण्यात याव्यात’ असं वेगळं पत्र द्यावं लागतं. ते आपोआप होत नाही. शाळा सुरू होताना वेळापत्रक पुन्हा बांधलं जातं, तेव्हा प्रायोगिक फेऱ्या आधी गळतात. नवं शेड्यूल आलं की त्या पानावर फाट्याच्या खाली गावाचं नाव स्वतंत्र ओळीत आहे का आणि त्याच्यासमोर पाचही वेळा भरलेल्या आहेत का, हे त्याच दिवशी जाऊन बघायचं.